आवाजाचे माप आणि उत्सवाचे मोल

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत एक तक्ता हमखास छापून येतो. चौकाचे नाव, वेळ आणि समोर डेसिबलचा आकडा. कोल्हापूरकर महाद्वार रोड, पापाची तिकटी, मिरजकर तिकटी ही नावे शोधतात, पुणेकर लक्ष्मी रस्त्यावरचे चौक पाहतात. तक्ता वाचून झाला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. एक गट म्हणतो, ‘हिंदूंच्या सणांवरच मीटर का लावता?’ दुसरा गट म्हणतो, ‘हे उत्सवच आता आवरते घ्या.’ दोघेही त्या आकड्याचा उपयोग आपापल्या जुन्या मताला टेकू म्हणून करतात. तो आकडा आला कोठून, तो नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

वस्तुतः हा प्रश्न सर्वांत आधी आपण विचारावयास हवा. लोकमान्यांनी १८९३ मध्ये ज्या उत्सवाला सार्वजनिक प्रबोधनाचे रूप दिले, त्या गणेशोत्सवाला महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये ‘राज्य महोत्सव’ म्हणून घोषित केले. हा मान मिरवायचा असेल, तर उत्सवाबद्दलचा सर्वांत मोठा आक्षेप केवळ घोषणांनी परतवून चालणार नाही. तो समजून घ्यावा लागेल. आक्षेप आकड्यांत आहे, तेव्हा उत्तरही आकड्यांतच द्यावे लागेल आणि त्यासाठी आधी आवाज कसा मोजतात हे कार्यकर्त्याला ठाऊक हवे.

डेसिबलचा हिशेब वेगळा

कापड मीटरने मोजतात, दूध लिटरने. दोन लिटरमध्ये दोन लिटर मिळवले की चार लिटर होतात. डेसिबलचा हिशेब असा चालत नाही. मानवी कानाला ऐकू येणारा अगदी मंद आवाज आणि कानात वेदना उत्पन्न करणारा आवाज यांच्या ऊर्जेत लाखो कोटी पटींचे अंतर आहे. एवढी प्रचंड पट्टी साध्या आकड्यांत मांडणे अशक्य म्हणून लघुगणकाची योजना झाली. ऐकू येण्याची किमान पातळी शून्य डेसिबल मानली. तेथून पुढे दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. साठ डेसिबलपेक्षा सत्तर म्हणजे थोडेसे अधिक नव्हे, ऊर्जेच्या हिशेबात दसपट. ऐंशी म्हणजे शंभरपट. दूरध्वनीचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून हे एकक घेतले गेले.

या गणितातून निघणारी एक गोष्ट आपल्या मंडळांच्या खजिनदारांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. स्पीकरच्या एका भिंतीचा आवाज शंभर डेसिबल असेल आणि शेजारी तेवढीच दुसरी भिंत उभी केली, तर आवाज दोनशे होत नाही, एकशेतीन होतो. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटावा यासाठी साधारण दहा डेसिबलची वाढ लागते आणि तेवढ्यासाठी दहापट ऊर्जा ओतावी लागते. म्हणजे शेजारच्या तालमीवर मात करण्यासाठी दुप्पट भाडे मोजून दुप्पट खोकी आणणारे मंडळ वर्गणीचा पैसा खर्च करून जवळजवळ काहीच मिळवीत नाही. चढाओढीचे हे गणित मुळातच तोट्याचे आहे. लोकांच्या विश्वासाने जमलेली वर्गणी या तीन डेसिबलसाठी उधळावी काय, हा प्रश्न प्रत्येक मंडळाच्या बैठकीत निघावयास हवा.

अंतराचेही असेच. मोकळ्या मैदानात एखाद्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. पण महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर आवाजाला पसरायला जागा नसते. तो भिंतींवर आपटून पुन्हा रस्त्यातच येतो आणि मैदानात जेवढा उतरला असता तेवढा उतरत नाही. म्हणूनच मैदानातील सभेला शोभणारी यंत्रणा पेठेतील गल्लीत अत्याचार ठरते.

सरासरी कशाची?

कायद्यात दिलेली मर्यादा क्षणाची नसून कालावधीची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या काळातील ‘समतुल्य पातळी’ काढली जाते. मात्र ही सरासरी शाळेत शिकलेली बेरीज-भागाकाराची सरासरी नव्हे. ती ऊर्जेची सरासरी असते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या पेठेत दिवसाच्या सोळा तासांपैकी पंधरा तास पंचावन्न डेसिबल इतकाच आवाज राहिला आणि एक तास मिरवणुकीने शंभर डेसिबल गाठले. साध्या सरासरीने उत्तर अठ्ठावन्नच्या आसपास येईल आणि कोणीही म्हणेल की तक्रारीला फारशी जागा नाही. ऊर्जेच्या सरासरीने तेच उत्तर अठ्ठ्याऐंशी येते. त्या एका तासात ओतलेली ऊर्जा उरलेल्या पंधरा तासांच्या शांततेला पुरून उरते. ‘वर्षातून एक दिवस, त्यातही एक तास, त्याने काय बिघडते?’ या प्रश्नाचे गणिती उत्तर हे असे आहे.

मोजणाऱ्याने पाळावयाचे नियमही काटेकोर असतात. मापकाचा मायक्रोफोन जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर हवा. मागे भिंत असेल तर तिच्यापासून परत येणारा आवाज आकडा फुगवतो, म्हणून भिंतींपासून काही मीटर दूर उभे राहावे लागते. वाऱ्याची फडफड नोंदली जाऊ नये म्हणून मायक्रोफोनला स्पंजाचे टोपण घालतात. मोजणीपूर्वी आणि नंतर ठरावीक आवाज देणाऱ्या लहान उपकरणाने, बहुधा चौऱ्याण्णव डेसिबलच्या, मापकाचे कॅलिब्रेशन तपासतात. किराणा दुकानातील तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो, तसेच हे. मोबाईलमधील अॅप कुतूहलासाठी ठीक आहे. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी घडविलेला असतो, प्रचंड आणि खर्जाच्या आवाजापुढे तो हात टेकतो. त्या आकड्यावर ना खटला उभा राहतो, ना बचाव.

मंडळांचे कार्यकर्ते अनेकदा म्हणतात, ‘पोलिसांच्या मीटरवर आमचा विश्वास नाही.’ हा आक्षेप धुडकावून लावण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर मीटर नाकारणे हे नसून मीटर समजून घेणे हे आहे. कॅलिब्रेशन केव्हा झाले, मापक कोठे धरला, किती मिनिटांची नोंद घेतली, मिरवणूक येण्यापूर्वी त्या चौकात किती आवाज होता, हे चार प्रश्न विचारता येणारा कार्यकर्ता कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ताठ मानेने उभा राहू शकतो. आरडाओरडा करणारा राहू शकत नाही.

छाती हादरते, मापक गप्प

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्द्याकडे वळू. मानवी कान सर्व स्वरांना सारखा संवेदनशील नसतो. मध्यम आणि उंच पट्टीतील आवाज त्याला चटकन ऐकू येतात, खर्जातील आवाजासाठी तो काहीसा बहिरा असतो. कानाचा हा स्वभाव लक्षात घेऊन मापकात ‘ए’ नावाची एक चाळणी बसवलेली असते. ती खर्जाचा आवाज मोजताना त्यात मोठी वजावट करते. सेकंदाला हजार कंपने असलेल्या स्वराला वजावट शून्य, शंभर कंपनांच्या स्वराला सुमारे एकोणीस डेसिबल, त्रेसष्ट कंपनांच्या स्वराला सुमारे सव्वीस आणि त्याखाली एकतीसच्या आसपास गेलो तर जवळजवळ चाळीस.

आपल्याकडील नियमांतील सर्व मर्यादा याच ‘ए’ मापात दिलेल्या आहेत. आणि पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात त्याची सारी ताकद याच खर्जात असते. त्रेसष्ट कंपनांचा, एकशेपाच डेसिबलचा ठोका ‘ए’ मापावर केवळ एकोणऐंशीच्या घरात दिसतो. ‘सी’ नावाची दुसरी चाळणी खर्जाला जवळपास हात लावीत नाही, तिच्यावर तोच ठोका एकशेचार दिसतो. छाती धडधडते, खिडक्यांची तावदाने थरथरतात, घरातील आजारी माणूस कासावीस होतो. मापक मात्र त्या मानाने सौम्य आकडा दाखवितो. रहिवासी म्हणतात मापक खोटा आहे, मंडळ म्हणते रहिवासी कांगावा करतात. खरे तर दोघेही खोटे बोलत नसतात. माप चुकीच्या कामाला लावलेले असते.

यावर कोणी म्हणेल, कायदाच ‘ए’ माप सांगतो, तेथे आपण काय करणार? पण फटाक्यांचे उदाहरण पाहा. केंद्र शासनाने १९९९ मध्ये फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा ठरविली, तेव्हा चार मीटर अंतरावरील क्षणिक स्फोटाच्या कमाल पातळीसाठी ‘सी’ माप स्वीकारले, एकशेपंचेचाळीस डेसिबलचे. म्हणजे आवाजाचा स्वभाव बदलला की माप बदलावे लागते, हे तत्त्व आपल्या कायद्याने पूर्वीच मान्य केले आहे. तेच तत्त्व स्पीकरच्या भिंतींना लावावे, ‘ए’ बरोबर ‘सी’ नोंदही सक्तीची करावी, अशी मागणी करण्यात पुढाकार कोणी घ्यावयाचा? उत्सवाच्या विरोधकांनी, की उत्सवावर प्रेम करणाऱ्यांनी?

जाता जाता नावातील एक विसंगती सांगितली पाहिजे. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये ज्या कामासाठी आपली प्रयोगशाळा स्थापन केली, ते काम होते ध्वनिमुद्रणातील नकोशी खरखर कमी करण्याचे. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाच्या भिंतीला बहाल केले आहे!

कंपनांची मोजदाद

आवाज हवेतून येतो, पण त्याचा धक्का भिंतींनाही बसतो. कंपन मोजण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते आपल्या प्रदेशाला अपरिचित नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा धरणात बसविलेल्या यंत्राने भिंतीला बसलेल्या हादऱ्याची नोंद घेतली आणि ती नोंद पुढे जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासली. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, ज्याची स्थापना १९१६ ची, अशा कंपनांचा अभ्यास करीत आले आहे.

खाणीतील सुरुंगांसाठी देशात नियमही आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात इमारतीजवळील जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलली तर चालेल, हे ठरवून दिले आहे. वीटकामाच्या साध्या घरांसाठी ही मर्यादा कंपनांच्या गतीनुसार पाच ते पंधरा मिलिमीटर आहे, तर ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी दोन ते दहा. कंपन जितके संथ, तितकी मर्यादा कडक, कारण संथ कंपनांना इमारती अधिक साथ देतात. म्हणजे जुन्या वास्तूला नव्या इमारतीपेक्षा अधिक जपावे लागते, हे शास्त्रानेही मान्य केले आहे आणि नियमानेही.

मात्र ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत कंपनांचा विषयच नाही. स्पीकरमधून निघालेला खर्जाचा दाब हवेतून येऊन दारे, खिडक्या, कौले हलवितो. तो सुरुंगासारखा जमिनीतून येत नाही, म्हणून सुरुंगाची मोजपट्टी त्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण मोजता येत नाही असे मुळीच नाही. भिंतीला चिकटविण्याचे लहानसे कंपनमापक मिळते. आपली विसर्जन मिरवणूक ज्या मार्गाने जाते, त्या मार्गावर बिनखांबी गणेश मंदिर आहे, अंबाबाईच्या मंदिराचे महाद्वार आहे, जुन्या घरांच्या रांगा आहेत. देवीच्या मंदिराच्या जतनाबद्दल आपण सारेच आग्रही असतो. मग मिरवणुकीच्या दिवशी त्या परिसरात कंपनांची एक शास्त्रीय नोंद व्हावी, असा आग्रह आपण का धरू नये? नोंदीत धोका दिसला नाही, तर शंका मिटेल. दिसला, तर उपाय करता येईल. न मोजता मात्र केवळ भीती आणि प्रतिवाद एवढेच उरते.

नियमांची चौकट

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे केंद्रीय नियम फेब्रुवारी २००० मधील आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल, व्यापारी भागात पासष्ट आणि पंचावन्न, औद्योगिक भागात पंच्याहत्तर आणि सत्तर, तर शांतता क्षेत्रात पन्नास आणि चाळीस अशा मर्यादा आहेत. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबल अधिक किंवा पंच्याहत्तर, यांपैकी जे कमी असेल त्याहून आवाज वर जाता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक आणि वाद्ये बंदिस्त जागेबाहेर वाजविण्यास मनाई आहे. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, सण-उत्सवांच्या निमित्ताने, ध्वनिक्षेपकासाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते.

या चौकटीतही प्रश्न आहेत. आपली पेठ निवासी धरावयाची की व्यापारी? खाली दुकाने, वर घरे असलेल्या रस्त्यांचे वर्गीकरण अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले पाहिजे, कारण त्यावर दहा डेसिबलचा, म्हणजे दसपट ऊर्जेचा, फरक अवलंबून आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र मानण्याची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे जाहीर केल्याशिवाय तो शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा सीपीआर रुग्णालयात खाटेवर पडलेल्या रुग्णाला शांतता मिळणे हे आता कागदावरील अधिसूचनेवर आणि आपल्या सद्सद्विवेकावर अवलंबून आहे. कागदाची वाट न पाहता सद्सद्विवेक वापरण्यास कोणाची मनाई नाही.

माप सर्वांना एकच

आपल्या वाचकांच्या मनात या टप्प्यावर एक प्रश्न नक्कीच उभा राहिला असेल. वर्षातून दहा दिवसांच्या उत्सवाला मीटर आणि वर्षभर दिवसातून पाच वेळा वाजणाऱ्या भोंग्याला सूट, हा कोणता न्याय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. पण न्यायालयांनी काय म्हटले आहे तेही पाहिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात निर्वाळा दिला की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. जुलै २००५ च्या निकालात त्याच न्यायालयाने बोलण्याच्या हक्काबरोबर न ऐकण्याचा हक्कही मान्य केला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या जनहित याचिकेवर सांगितले की ध्वनिक्षेपक वापरणे हा धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काचा भाग नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील मशिदींच्या भोंग्यांविरुद्धच्या याचिकेवर निकाल देताना त्याच न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे पुन्हा बजाविले.

न्यायाचे हे तत्त्व स्पष्ट आहे. डेसिबलला धर्म नसतो. भोंगा असो, चर्चचा ध्वनिक्षेपक असो वा आपली मिरवणूक, माप एकच. अंमलबजावणीत पक्षपात होत असेल तर तो उघड केलाच पाहिजे, आणि तो उघड करण्याचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे नोंदींची वही. पण या समान मापाची मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्यालाच पोहोचतो, जो ते माप प्रथम स्वतःला लावून घेतो. ‘आधी त्यांचे बंद करा, मग आम्ही पाहू’ ही भाषा भांडखोर शेजाऱ्याची आहे, राष्ट्राचा विचार करणाऱ्या समाजाची नव्हे. शिवाय या गोंगाटात सर्वांत जवळ उभा कोण असतो? आपलीच मुले. शंभर डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी पंधरा मिनिटांहून अधिक राहू नये, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला हा काळ निम्मा होतो. आपले स्वयंसेवक ट्रॉलीला खेटून दहा-बारा तास चालतात. कानातील ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उद्याच्या पिढीला आपण उत्सवाचा वारसा देत आहोत की बहिरेपणाचा?

कोणी असेही सुचवील की डॉल्बी नको, ढोल-ताशा चालेल. पारंपरिक वाद्यांचा आग्रह योग्यच आहे. हलगी, घुमके, कैताळ ही कोल्हापूरची ओळख आहे आणि त्यावर लेझीम व मर्दानी खेळ खुलतात. पण मापकाला वाद्याची जात कळत नाही. शे-दोनशे ढोलांचे पथक अरुंद चौकात उभे राहिले तर तोही आवाज शंभराच्या पुढे जाऊ शकतो. परंपरेचे नाव घेतल्याने डेसिबल कमी होत नाहीत, पथकाची संख्या, चौकातील थांबण्याचा वेळ आणि वादनाची शिस्त यांनी होतात. संघाच्या घोषात आनक आणि शंख वाजतात, ते किती जोरात वाजले यावरून नव्हे, तर किती एकसंध वाजले यावरून पथकाची परीक्षा होते. शक्ती आणि गोंगाट यांतील हा भेद आपल्याला संस्काराने ठाऊक आहे. तो रस्त्यावर दिसला पाहिजे.

मोजणे ही आपलीच परंपरा

आवाज मोजणे ही परकीय खोड आहे असे मानण्याचेही कारण नाही. बावीस श्रुतींची चर्चा भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. आपल्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी त्या श्रुतींची गणिती मांडणी करणारा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. मृदंग आणि तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्यातून गोंगाटाऐवजी स्वर कसे निघतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. आणि ज्या करवीर नगरीत राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेबांची गायकी रुजली, त्या नगरीला सूक्ष्म स्वराची किंमत बाहेरच्यांनी शिकवावी काय?

कोल्हापुरात गेल्या दशकात डॉल्बीमुक्तीच्या मोहिमा झाल्या, अनेक मंडळांनी त्यांना साथ दिली. करोनाचे निर्बंध उठल्यानंतर २०२२ पासून मिरवणुका पुन्हा भरात आल्या आणि त्यांच्याबरोबर भिंतीही परतल्या. मोहीम पोलिसांची असते तोवर ती बंदोबस्ताबरोबर येते आणि बंदोबस्ताबरोबर जाते. ती तालमींची झाली तरच टिकते. म्हणून पुढील उत्सवापूर्वी करण्याजोग्या काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

प्रत्येक पेठेतील मंडळांनी मिळून एक चांगला, प्रमाणित ध्वनिमापक घ्यावा. त्यात ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन्ही नोंदींची सोय असावी. स्पीकरच्या एका दिवसाच्या भाड्यापुढे हा खर्च जड वाटू नये. शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने शहरात उत्सवकाळात मोजणी केलेली आहे. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दोन दशकांहून अधिक काळ लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची रात्र जागून नोंदी घेत आले आहेत, आणि त्यांच्या चिकाटीमुळेच आज पुण्याला आपला आलेख वर्षानुवर्षे पाहता येतो. अशा मंडळींना बोलावून प्रत्येक मंडळाच्या दोन कार्यकर्त्यांना मोजणी शिकवावी. उत्सवाच्या आठवडाभर आधी पेठेचा नित्याचा आवाज मोजून ठेवावा, म्हणजे मिरवणुकीने किती भर घातली हे नेमके कळेल. मिरवणुकीतील नोंद त्याच रात्री मंडळाच्या फलकावर लावावी, मग ती सोयीची असो वा गैरसोयीची. आणि बक्षिसे देणाऱ्या संस्थांनी देखाव्याइतकेच गुण कमी आवाजाला द्यावेत.

यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, न्यायालयाचा हुकूम लागत नाही. तालमीने मुलांना शतकभर हेच शिकविले की अंगात जोर असणे ही अर्धी विद्या आणि तो आवरता येणे ही पूर्ण विद्या. लाल मातीत पाळली जाणारी ही शिकवण महाद्वार रोडवर पाळली गेली, तर अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा तो तक्ता आपल्याला बचावाच्या पवित्र्यात वाचावा लागणार नाही. तो आपणच छापावयास देऊ.